तोतारामचा डबा

मुलगी बघायला गेला तेव्हा लोटन पहिल्याच घरी पोहे खाऊन हो म्हणाला, आणि केबल कोणाची घ्यावी याला मात्र महिना लावत होता. हे काही भिकुबाईला सोसवत नव्हतं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून त्यानं एकीकडे तोतारामला बसवलं होतं, दुसरीकडे झुलालला.

"आई, झुलालचे चॅनल सोळा, तोतारामचे बारा. पण तोताराम रोज सकाळी दहाला सिनेमा लावतो."

"मंग बायकोले इचार. सिनेमा देखता देखता तिनी काल भाकर करपाडी, तोच निकाल."

दोघांनी आठ-आठ दिवस फुकट दाखवायचं कबूल केलं होतं. या आठवड्यात पाळी तोतारामची. घर गल्लीच्या मधोमध, म्हणून त्यानं आपला केबलचा डबा भिकुबाईच्या जिन्यात टांगला. डबा चाले तिच्या घरच्या विजेवर, आणि त्यातून तारा निघत गल्लीभर.

भिकुबाईचं दुखणं वेगळंच होतं. सहा वर्षांमागं पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत टीव्ही एकच, तिचा. रविवारी चपला पार नळापर्यंत पसरत. पुढं कोण बसेल, मागं कोण, हे तिनं ठरवायचं. कार्यक्रम संपला की बाया घरी जात नसत. उन्हाळा असला तर पदर खोचून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायला तिच्याच गच्चीवर चढत. बोलावणं लागत नसे. आता घरोघरी टीव्ही आले, आणि तिच्या दारात चपला उरल्या तीन जोड.

त्या सकाळी तिनं तीळ-लसूण घालून ज्वारीचा पातेलंभर घाटा शिजवला. घाटा गरम आहे तोवर थापला तर बिबडी, निवला की नुसता गोळा. गच्चीवरून तिनं शेजारी हाक दिली. "यशोदे, ये वं. घाटा व्हई गया."

"येस ना अक्का. सिनेमामा हिरोनी माय हरायेल शे, ती सापडू दे."

समोरच्या जतनबाईंनी तर खिडकीतून नुसता हात हलवला. घाट्यावर साय धरू लागली. भिकुबाई तणतणत खाली आली, तर सूनही पडद्याला डोळे लावून बसलेली. तीन हाका फुकट गेल्यावर तिनं घराचं मेन स्विचच खाली ओढलं.

सून उठली. पण घरच्या टीव्हीबरोबर गल्लीतले सगळे टीव्हीही गप्प झाले.

जरा वेळानं यशोदाबाई दारात. "अक्का, मन्हा टीव्ही बंद पडी गया. पन लाइट शे, पंखा फिरस. तुमना?"

भिकुबाईनं एकवार डब्याकडे पाहिलं. "मन्हा बी बंद शे. तोवर वर चला, घाटा थंडा व्हई जाई."

सात-आठ बाया चढल्या. हिरोच्या आईचं पुढं काय झालं असेल, यावर थापता थापता भांडण जुंपलं. जतनबाईंनी तिला मारूनच टाकलं. यशोदाबाईंनी देवळात भेटवली. मध्येच घाट्यावर तेल ओतून सगळ्यांनी बोटं चाटली. भिकुबाई कुणी कुठं थापायचं ते सांगत हिंडत होती.

बाराला लोटन जिन्यातल्या चपला ओलांडत वर आला. "ठरलं आई, झुलाल. तोतारामची केबल भर सिनेमात मेली, सगळे शिव्या देताहेत. त्याचं नाव मी खोडलं." मग थबकून हळूच म्हणाला, "खाली मेन स्विच कोणी पाडलंय?"

भिकुबाईनं अंथरलेल्या ओल्या धोतरावर एक बिबडी निगुतीनं थापली.

"झुलालना डबा कोठे शे?"

"त्याचा? कोपऱ्यावरच्या निंबावर."

"महिनाभर वही काळी करी, पन डबा कोना घरमा शे ते नही लिखं. तोतारामनं नाव परत लिख. आनि ते बटन आते वर करू नको, लोटन. अर्धा घाटा बाकी शे."