पाचही ग्लास रिकामे

"टूथपेस्ट कुठली ठेवलीस?" चवपरीक्षकाने बॅगेची चेन ओढता ओढता विचारलं.

"तुमचीच. बिनवासाची, बिनचवीची, बिनफेसाची," बायको म्हणाली. "आणि परत येण्याआधी फोन करा हं. निदान गाडीत बसलात की लगेच."

"दर वेळी कसला फोन? घर माझंच आहे ना?"

"तुमचंच आहे हो. म्हणून तर सांगते."

चवपरीक्षक पाणीपुरवठा मंडळात होता आणि त्याचं काम पाणी चाखण्याचं होतं. पाण्याला कसली आलीय चव, असं विचारणाऱ्यांशी वाद घालणं त्याने फार पूर्वीच सोडून दिलं होतं. नळाचं पाणी तोंडात घोळवून ते कोणत्या विहिरीचं आणि कोणत्या पाइपातून आलं हे तो सांगू शकत असे. कार्यालयात त्याला मागून सगळे 'जीभ' म्हणत. "जीभ आली का?" "जीभ आज रजेवर आहे," अशी वाक्यं तिथे कुणाला चमत्कारिक वाटत नसत.

या जिभेसाठी घरात मिरची, लसूण, कांदा आणि लोणचं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बंद झालं होतं. उकडलेला दुधी, मऊ भात, उकडलेला बटाटा आणि पुन्हा दुधी. बायकोने कधी तक्रार केली नाही. नवरा दौऱ्यावर निघाला की तिचा चेहरा जरा उजळत असे. शांततेची आवड, असा त्याने त्याचा अर्थ लावला होता. त्याचा धाकटा भाऊ फिरता विक्रेता होता, तो मात्र स्पष्ट बोलायचा. या वेळी दौऱ्याचं गाव ऐकल्यावर तो म्हणाला होता, "दादा, तिथल्या बाजारात एक खाण्याची गल्ली आहे. तू जाऊ नकोस. तुला झेपायचं नाही."

गावात नवं जलशुद्धीकरण केंद्र सुरू झालं होतं आणि तेव्हापासून पाण्याला मातीची चव येते अशी लोकांची ओरड होती. केंद्राचे इंजिनिअर म्हणत, लोकांना सवय नाही. केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणत, गाळणीची वाळू बदलायला हवी. वाळू बदलायची तर केंद्र बंद ठेवावं लागणार, आणि इंजिनिअरांना तर रीतसर उद्घाटनाची घाई. त्यामुळे मंडळाने ठरवलं की जीभ म्हणेल ते खरं.

चाचणीचे नियम चवपरीक्षकाने स्वतःच लिहिले होते. आदल्या दिवशी तिखट, तेलकट, उग्र वासाचं काही खायचं नाही. पाच झाकलेले ग्लास. त्यातल्या एकात प्रयोगशाळेने मुद्दाम गंजाचं पाणी मिसळायचं, तेही परीक्षकाला न सांगता. घोट तोंडात घोळवून थुंकायचा. गंजाचा ग्लास ज्याला ओळखता येणार नाही, त्याची जीभ बाद. मागच्या वर्षी एक सहकारी आदल्या रात्री लसूण खाऊन आला आणि त्याला गंज कळला नाही, तेव्हा याच नियमाने चवपरीक्षकाने त्याला मीटरच्या तक्रारींच्या टेबलावर बसवलं होतं. तो सहकारी अजून तिथेच होता आणि भेटला की अदबीने विचारायचा, "साहेब, जेवण साधंच ना?"

हॉटेलच्या खोलीत पोचल्यावर चवपरीक्षकाने बॅग उघडली आणि टूथपेस्ट हातात घेतली. ती पुदिन्याची होती. घाईत बायकोने आपली ठेवली होती. पुदिना म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिभेवर बर्फाचा थर. नियमानुसार वर्ज्य.

"साधी टूथपेस्ट मिळेल का इथे?" त्याने खाली विचारलं.

"मिळेल की. बाजारात जा, सरळ गल्लीच्या टोकाला. फक्त गल्ली पार करायला वेळ लागतो लोकांना," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

गल्लीच्या सुरुवातीला कापडाची दुकानं होती. तो तिथे रेंगाळला, कारण पुढून येणारा वास त्याला अडवत होता आणि मागे फिरायला काही निमित्त नव्हतं. त्याने बायकोसाठी सुती ओढणी घेतली. मग स्वतःसाठी गवताची टोपी घेतली, जी त्याने आयुष्यात कधी घातली नसती. टोपी घातल्यावर मात्र आपण कामावर आलेला माणूस नाही असं त्याला वाटू लागलं. पुढचं सगळं त्या टोपीमुळे झालं, असं त्याने नंतर मनात नोंदवलं.

एका गाडीवर एक जाडजूड बाई तव्यावर भरलेले पाव भाजत होती. प्रत्येक पावावर ती बरणीतलं लालभडक मिरचीचं तेल ओतत होती. रांग मोठी होती. चवपरीक्षक बाजूला उभा राहून नुसता वास घेत होता.

"ओ टोपीवाले! वासाचे पैसे घेत नाही मी, पण रांग अडतीय. खायचंय की बघायचंय?"

"बघतोय. म्हणजे... सौम्य असतं का यात काही?"

"सौम्य?" बाईने रांगेकडे पाहिलं. "यांना दवाखान्यातलं पाहिजे." रांग हसली. "घ्या, बिनतेलाचं देते. लहान पोरांना देते तसलं."

पहिला पाव बिनतेलाचा होता. तो खाल्ल्याने नियम मोडत नाही, फार तर वाकतो, असा त्याने विचार केला. पाव संपला तेव्हा बाई म्हणाली, "आता थेंबभर घालू?" थेंबाने काही बिघडलं नाही. मग त्याच्याच तोंडून निघालं, "आता यांना देताय तसं द्या."

आतलं सारण उकळतं होतं आणि वरचं तेल त्याहून गरम. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, कान तापले, नाक वाहू लागलं. इतक्या वर्षांत अन्नाने त्याच्याशी असं कधीच वागलं नव्हतं. तो आणखी एक मागून खाऊ लागला.

"हळू, हळू! पाव कुठं पळून चाललाय?" त्याच्या मागे उभी असलेली एक चष्मेवाली बाई म्हणाली. त्याने मागे न बघताच मान हलवली. निघताना त्याने मिरचीच्या तेलाची बरणी विकत घेतली आणि ओढणीत गुंडाळली. टूथपेस्टचं दुकान तोवर बंद झालं होतं.

सकाळी जीभ जरा जडशी वाटत होती. ती काम करते की नाही हे तपासून बघणं त्याला शास्त्रीय दृष्ट्या आवश्यक वाटलं. तपासायला खोलीत चवीचा एकच पदार्थ होता. त्याने बरणी उघडून बोट बुडवलं आणि चाटलं. जीभ काम करत होती. त्यानंतर मात्र तिने काम करणं बंद केलं.

प्रयोगशाळेत पांढऱ्या टेबलावर पाच ग्लास मांडले होते. इंजिनिअर हात चोळत उभे होते, त्यांचा कारकून फोनचा कॅमेरा सरसावून. प्रयोगशाळेतल्या बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, चवपरीक्षकाकडे पाहिलं आणि तो पुन्हा काढून पुसला.

"सुरू करा साहेब," इंजिनिअर म्हणाले. "थुंकायला भांडं इथे ठेवलंय."

चवपरीक्षकाने पहिला ग्लास उचलला. पाणी किंचित गार होतं. ते पोळलेल्या जिभेवर आलं आणि तोंडातली आग विझली. पाणी तोंडात असेपर्यंत आग विझते आणि गिळलं की परत येते, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं, पण जिभेला पुस्तक वाचता येत नाही. त्याने गिळलं. मग दुसरा घोट घेतला. मग ग्लास संपवला.

"साहेबांनी गिळलं!" इंजिनिअर ओरडले. "अरे, काढ फोटो! मंडळाच्या इतिहासात गिळलं नाहीये कुणी!"

दुसरा ग्लास संपला. तिसरा. चौथा संपवताना त्याने डोळे मिटले होते. पाचवा ठेवून त्याने नकळत विचारलं, "आणखी आहे?"

"आहे म्हणजे? टाकी भरून आहे साहेब!" इंजिनिअरांनी कारकुनाला जग आणायला पिटाळलं. त्याने जाता जाता फोटो मुख्य कार्यालयात पाठवला. जग यायच्या आधी मंडळाच्या संचालकांचा फोन आला. इंजिनिअरांनी तो स्पीकरवर लावला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"अभिनंदन! गिळलंत म्हणे!" संचालक म्हणाले. "मग परवाचं उद्घाटन पक्कं करतो. पाहुण्यांना कळवतो. गंजाचा ग्लास कुठला होता?"

चवपरीक्षकाने रिकाम्या ग्लासांकडे पाहिलं. ते स्वच्छ होते आणि एकसारखे होते.

"चौथा," प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या. "नेहमीपेक्षा जरा जास्तच घातला होता मी."

"पण तो तर त्यांनी डोळे मिटून..." इंजिनिअर बोलता बोलता थांबले.

आता खोटं बोलणं सोपं होतं. ग्लासांची अदलाबदल झाली असेल, असं म्हणता आलं असतं. पण मग वाळू तशीच राहिली असती आणि गावाने मातीचं पाणी प्यायलं असतं. चवपरीक्षकाने आपल्या जिभेचा विचार केला, मग मीटरच्या तक्रारींच्या टेबलाचा विचार केला.

"माझी जीभ बाद आहे, साहेब," तो फोनकडे तोंड करून म्हणाला. "काल मी तिखट खाल्लं."

"किती?"

प्रयोगशाळेतल्या बाईंना राहवलं नाही. "पाव पळून चालल्यासारखं," त्या हळूच म्हणाल्या. "काल टोपी होती, म्हणून आत्ता ओळखायला वेळ लागला. मी मागेच होते रांगेत."

संचालक म्हणाले, "नियम तुमचाच आहे. पण पाहुण्यांना मी फोन करणार होतो हो! दुसरी कुठली स्वच्छ जीभ आहे का? गावात?"

"गावात?" प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या. "गावात सगळे त्या गाडीवरच जेवतात. मीसुद्धा."

तेव्हा चवपरीक्षकाला आठवण झाली. "आहे! एक जीभ आहे. माझ्या बायकोची. लग्नापासून माझ्याबरोबर दुधी खातेय. माझ्याइतकीच कोरी जीभ आहे तिची. दुपारच्या गाडीत बसली तर संध्याकाळी पोचेल."

"लावा फोन. मी लाइनवर आहे," संचालक म्हणाले.

बायकोने फोन उचलला. "अहो, काय झालं? निघालात की काय? इतक्यात?"

"अगं, तू इकडे ये. पाणी चाखायला. माझी जीभ... ते नंतर सांगतो. मंडळाचे संचालक लाइनवर आहेत. तुझ्या जिभेवर सगळं अवलंबून आहे."

"माझ्या?" पलीकडे काहीतरी तडतडत होतं. फोडणी असावी, पण त्या घरात फोडणी नसते. "आज नको हो. आज मला जमायचं नाही."

"का नाही जमायचं?"

"डोकं दुखतंय. नाही, पाय."

"पायाने नाही चाखायचं!"

"अहो, समजून घ्या ना! सगळे ऐकतायत का?" तिचा आवाज खाली गेला, पण स्पीकर चांगला होता. "तुम्ही दौऱ्यावर असलात की मी जरा... भावजी आणून देतात. मिरचीचं तेल. तांदळाच्या डब्यामागे असतं. तिथलंच आहे ते, तुम्ही गेलात ना त्याच गावचं. गल्लीत एक जाड बाई आहे म्हणे."

चवपरीक्षकाने पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं, जिच्यात ओढणीत गुंडाळलेली बरणी होती.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"दौरे किती वर्षं आहेत?" बायको म्हणाली.

संचालकांचं हसणं दाबलेलं होतं, पण ऐकू आलं. त्यांनी हुकूम दिला तो असा: उद्घाटन पुढे ढकलावं. चवपरीक्षकाने जीभ परत येईपर्यंत तिथेच थांबावं, स्वतःच्या रजेतून, आणि नुसता मऊ भात खावा. त्याच्यावर लक्ष ठेवायला घरचं कुणीतरी असावं. संध्याकाळी लसूणवाल्या सहकाऱ्याचा फोन आला. "साहेब, टेबल पुसून ठेवलंय. खिडकीजवळचं," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला.

बायको लक्ष ठेवायला आली. तिने ते मनापासून केलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात स्वतः उभी राहून ती त्याचा भात करून घ्यायची, आणि तो सगळा संपेपर्यंत समोर बसायची. मग ओढणी घ्यायची आणि बाजारात जायची.

पुन्हा चाचणी झाली तेव्हा त्याने पहिला घोट घोळवला आणि थुंकला. "माती," तो म्हणाला. दुसरा थुंकला. "गंज." प्रयोगशाळेतल्या बाईंनी मान हलवली. इंजिनिअर न बोलता वाळूची मागणी लिहायला गेले. नियमही बदलला. चवपरीक्षकानेच तो दुरुस्त केला: पहिल्या चुकीला माफी. लसूणवाला सहकारी आपल्या जागेवर परत आला.

त्या संध्याकाळी नवरा-बायको गल्लीत गेले. चवपरीक्षकाची पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी चाचणी होती, त्यामुळे तो फक्त पिशव्या धरायला आला होता. गाडीवरची बाई त्याला ओळखून म्हणाली, "काय टोपीवाले, आज दवाखान्यातलं?"

"आज काही नाही," तो म्हणाला. "हिला द्या."

बायकोने सौम्य वगैरे काही विचारलं नाही. तिने एक घास घेतला, दुसरा घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि नाकाचा शेंडा लाल झाला. चवपरीक्षक हातातल्या पिशव्या सावरत तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"कसं आहे गं?" त्याने न राहवून विचारलं.

तिने ओढणीने डोळे पुसले, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला त्याची दया आली.

"अगदी सपक," ती म्हणाली, आणि आणखी एक मागितला.