अकरा गाड्यांची शपथ व इंधन-अधिभाराची हकिकत

श्रीचक्रपाणी साक्ष. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमी. धन्यांनी पुसिले की, मालट्रकांच्या भाड्याचा बखेडा कैसा उठला आणि कैसा निमाला, ते पदरचे न घालता लिहावे. त्यावरून लिहिले ऐसे.

एका दौलतीत, जिचे नाव घातल्यास लिहिणाराची भाकर जाईल, डिझेलाचा भाव चढतच गेला आणि गाडीभाडे मात्र तीन वर्षे जेथे होते तेथेच बसोन राहिले. साखरपेठेच्या शेटांनी आपल्या गिऱ्हाइकांपासून इंधन-अधिभार म्हणोन जादा रक्कम बिनबोभाट वसूल केली, आणि जो खरेच डिझेल जाळीत होता त्यास त्यातील कवडी दाखविली नाही. ऐसे ते थोर धर्मात्मे. तेव्हा ट्रकअड्ड्यावर रंभाजी खेमनर म्हणोन एका गाडीचे आपणच धनी आणि आपणच चालक होते. भाड्याचे दोन वाटे डिझेल पिई, तिसऱ्यात टायर, टोल आणि घर. अधिभार न मिळाल्यास अक्षयतृतीयेपूर्वी गाडी विकणे प्राप्त. गाडीच्या कपाळी लेकीचे नाव रंगविलेले, ते परक्याच्या दारी उभे राहील या विचारानेच त्यांचे काळीज तुटे. मग त्यांनी आणखी दहा गाडीवाले जमविले आणि सर्वांनी स्टिअरिंगवर हात ठेवोन शपथ वाहिली की, अधिभार पदरी पडेतो कोणी माल भरू नये, आणि खूण म्हणोन ताडपत्री घडी करोन केबिनच्या टपावर ठेवावी, म्हणजे गाडी रिकामी हे सर्वांस दिसावे. इंदोबा शेळके म्हणोन बहाद्दर होते, ते छाती ठोकोन बोलिले, "रंभाजीभाऊ, माझ्या गाडीत एक गोणी दिसली तर मला गाडीखाली घाला!" ऐकोन सर्वांचे डोळे भरोन आले, आणि चहा जाहला.

मग तीन दिवस अड्डा थंड राहिला. मध्ये एकेक गाडी बाहेर जाई आणि फिरोन येई. पुसिले तर "धुऊन आणली" ऐसे सांगत, आणि रंभाजी भोळे, ते खरे मानीत. चौथे दिवशी गजाबा दलाल खासा चालोन आले आणि कानाशी लागोन बोलिले, "भाऊ, तुमच्यापुरता अधिभार शेटकडून घेऊन देतो. पहिली गाडी तुमची निघू द्या. फक्त कुणापाशी बोलू नका."

"द्यायचा तर अकरा जणांना द्या. एकट्याचा मला नको."

गजाबा हसले. "अकरा? भाऊ, गाडीवाले तुम्ही, आन मी सांगायचं का? जरा वाकून बघा की."

रंभाजी रांगेने चालले आणि वाकोन पाहातात तो दहाही गाड्यांच्या ताडपत्र्या टपावर घडीच्या घडी, आणि खाली चाकांवरचे कमानी पाटे भाराने सपाट, टायर दबलेले, फळ्यांआड साखरेच्या गोण्या. प्रत्येकाने गुपचूप दलालास गाठोन जुन्याहूनही कमी भाड्यावर माल भरिला होता. परंतु पेठेतून हमरस्त्यास जाण्याची वाट अड्ड्यावरूनच, आणि रंभाजींदेखत निघावे कैसे, म्हणोन हे शूर भरल्या गाडीत बसोन दुसरा कोण आधी निघतो याची वाट पाहात होते. रंभाजींस ऐसा तिटकारा आला की, यांस माझीच आडकाठी आहे तर खूण उतरवोन तीही काढतो, ऐसे मनी आणोन त्यांनी टपावरची ताडपत्री ओढिली, रिकाम्या हौद्यावर पसरिली आणि दोर आवळिले. तो इंदोबा गरजले, "बघा रे! रंभाजीभाऊंनी ताडपत्री बांधली! पुढाऱ्यानंच शपथ मोडली!" मग दहाही मुखांवर तेज आले आणि भराभर ताडपत्र्या उतरल्या आणि हॉर्न वाजले आणि स्वाऱ्या कूच जाहल्या. रंभाजींच्या गाडीचे पाटे कोणी वाकोन पाहिले नाहीत. गजाबांसही त्यांची गरज उरली नव्हती. अधिभाराचे बोलणे पुन्हा निघाले नाही.

एवंच, अधिभार शेटांस पूर्ववत पावतो. अक्षयतृतीयेआधी दोन दिवस रंभाजींची गाडी विकली, इंदोबांनी घेतली, आणि कपाळीचे नाव खरवडोन आपल्या लेकाचे घातले. दौलतीचे दप्तरी नोंद ऐसी की, शपथ प्रथम रंभाजी खेमनर यांनी मोडली; साक्षीदार दहा. लिहिणारास खरे ठाऊक आहे, परंतु भाकर त्याच दौलतीची. लेखनसीमा.