सीसीवाले आठल्ये

"वहिनी, ही लघवी तुमची नाही! ही गाईची आहे!"

सकाळचे आठ वाजलेले. बनारसमधल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत त्या वेळी कोण नसतं? घाटावरून ओल्या धोतराने परतणारे, दही तोलणारा, देवाला निघालेल्या बायका. या सगळ्यांच्या मधोमध आठल्ये उभे. हात वर, हातात बाटली, तोंड आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे. मी आत पलंगावर पालथी पडलेली आणि कंपाउंडर रामधनी सुईतली हवा काढत होता.

"का कहत हउवन? गाय का पेशाब?" खालून कोणीतरी विचारलं.

"हाँ, गाय का! दो दिन से गाय का भेज रही हैं!" आठल्यांनी तेवढ्याच जोरात खुलासा केला, न जाणो एखाद्याला ऐकू गेलं नसेल.

लाजेने माणूस मरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. इंजेक्शनाने मात्र मरू शकतो, आणि मी त्या वाटेवर बरीच पुढे गेले होते. अख्ख्या गल्लीत तो संशय फक्त खाली ओरडणाऱ्या माणसाला होता.

मोरेश्वर आठल्ये आमच्या समोरच्या घरात वरच्या एका खोलीत राहत. लग्न नाही. नोकरी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये. काम काय, तर उंदरांना इंजेक्शनं टोचायची आणि त्यांच्या लघवीत रोज काय उतरतं ते बघत बसायचं. एवढं शिकून उंदरांची लघवी. आमचं शिक्षण चौथीत थांबलं याचं मला त्यांच्याकडे बघून कधी वाईट वाटलं नाही.

त्यांच्या झब्ब्याला शिंप्याकडून मुद्दाम लावून घेतलेले चार खिसे होते आणि प्रत्येक खिशात एक छोटी बाटली. बाटल्या रिकाम्या असतात असं त्यांचं म्हणणं. इथले लोक बाटलीला सीसी म्हणतात, म्हणून त्यांना सीसीवाले पंडितजी म्हणत. माणूस भेटला की आपण प्रकृती विचारतो. आठल्ये विचारायचे, "इंजेक्शन चालू आहे का कुठलं?" हो म्हणायचा अवकाश, बाटली पुढे. एका मुंजीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या भटजींना, त्यांचा हात जिलबीवर असताना, यांनी हे विचारलेलं मी स्वतः वाढता वाढता ऐकलं आहे. भटजींनी जिलबी सोडली नाही. पण चव गेली असणार.

बनारसमध्ये राहून पानाशी वैर धरणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. कोणी तोंडात विडा घोळवत बोलायला आला की आठल्ये हात आडवा करत, "पहले थूकिए, फिर बोलिए." मग तो दहीवाला असो नाहीतर मठाचा महंत. सगळं शहर पान खातं, तेव्हा त्यांच्याशी बोलायला किती माणसं उरली असतील याचा हिशोब ज्याने त्याने करावा. आणि जो पान न खाता बोले, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. बायकांच्यासुद्धा. नळावर यावरून एकदा बरीच चर्चा झाली होती. पाठीमागून हाक मारली तर मात्र वळूनही बघत नसत. "गर्व," असं आम्ही ठरवून टाकलं. बोलणं सगळं ओरडून. आठल्यांना गुपित सांगावं, म्हणजे ते गंगेपलीकडे रामनगरला पोचतं, असं आमचे हे म्हणत.

त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. "वहिनी, रक्त म्हणजे सरकारी खातं. घर जळून गेल्यावर पंचनामा करायला येतं. लघवी म्हणजे शेजारीण. नुसता धूर दिसला की बोंब ठोकते. इंजेक्शनाने किडनी दुखावली की आधी लघवीत कळतं. रक्ताला दिवसामागून दिवस पत्ता नसतो." शेजारणींची एवढी स्तुती दुसऱ्या कोणी केलेली मला आठवत नाही.

तर त्या जेठात, म्हणजे आपल्या ज्येष्ठात, ब्रह्मा घाटाच्या पायरीवर नावेचा गंजका खिळा माझ्या पायात घुसला. पाय भोपळ्याएवढा सुजला, ताप चढला. आमच्या डॉक्टरांनी जेंटामायसिनची इंजेक्शनं सुरू केली, सकाळ-संध्याकाळ, वर दुखण्यावरच्या गोळ्या. डॉक्टरांचं नाव घेत नाही, मुलगा आता त्याच खुर्चीवर बसतो. मध्येच निर्जला एकादशी आली. जेठाचं ऊन, ताप, आणि मी चोवीस तास पाण्याचा थेंब घेतला नाही. आपण फार पुण्य केलं असं मला वाटत होतं.

द्वादशीला आठल्ये दारात हजर. "इंजेक्शन कितवं? पाणी प्यायलात का?" त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि खिशातून बाटली काढली. "रोज सकाळची पहिली. मी घेऊन जाईन."

आता सांगा. समोर राहणारा बिनलग्नाचा पुरुष, आणि त्याच्या खिशातून माझी लघवी रोज भर गल्लीतून जाणार! आमचे हे वेदपाठी. मुलांना संथा देऊन आले की उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. ते म्हणाले, "असली बाटली या घरातून बाहेर जाणार नाही." आठल्ये तर हटायला तयार नव्हते. मी दोघांचंही समाधान केलं. न्हाणीपाशी गोमूत्राचा तांब्या होता, त्यातून बाटली भरली. रंग जवळपास तोच. पवित्र तर कितीतरी जास्त. गाईची काही हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आठल्ये येऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "वहिनी, तुम्ही खाता काय? नुसता पाला?"

"उपास होता," मी म्हटलं.

दुसरी बाटली नेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत काय झालं ते वर सांगितलंच आहे.

ओरडून झाल्यावर ते धाडधाड जिना चढून आले. आमच्या ह्यांनी दारात हात आडवा धरला. आठल्ये हाताखालून आत शिरले. रामधनीला म्हणाले, "सुई नीचे रखो."

"पंडितजी, डाक्टर साहब हमको डाँटेंगे."

"पहले थूको, फिर बोलो."

रामधनी बिचारा खिडकीतून थुंकून आला. तोवर मी बाटली घेऊन न्हाणीत गेले होते. या वेळी खरी दिली. अब्रू तर गेलीच होती, बाटली वाचवून काय करायचं होतं?

मग माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांनी दोन काचेच्या नळ्या उभ्या केल्या. "ही तुमची. ही माझी, ताडून बघायला." एवढं ऐकल्यावर आमचे हे जिन्यात जाऊन बसले ते दुपारी ओटा धुतल्यावरच आत आले. आठल्यांनी दोन्हींत खिशातल्या पुडीचं काहीतरी पाण्यात कालवून घातलं, बंबातलं कोमट पाणी पातेल्यात घेऊन नळ्या त्यात धरल्या, पातेल्यात थर्मामीटर. अर्धा तास हलले नाहीत. शेवटी खिशातल्या वेगळ्याच बाटलीतल्या औषधाचे चार-चार थेंब टाकले.

त्यांची नळी जेमतेम पिवळसर झाली. माझी हळदीच्या पाण्यासारखी पिवळीधमक.

"किडनीच्या आतलं अस्तर सुटतंय," ते म्हणाले. "त्यातला माल लघवीत वाहून येतोय. जितका पिवळा, तितका जास्त. आणखी टोचलंत तर बंद पडेल."

एवढ्यात रामधनीकडून निरोप मिळून डॉक्टर आले. त्यांनी खिशातून कागद काढला. "खून की रिपोर्ट कल की है। बिल्कुल ठीक। माताजी, पेशाब खुलकर होता है?"

"होता है," मी म्हटलं.

"फिर?" डॉक्टरांनी आठल्यांकडे बघितलं. "आप डाक्टर हैं?"

"नहीं! नल फूट जाए तो भी पानी आता ही है, साहब! खूप आता है!" आठल्ये ओरडले. "चार दिन बाद यही खून फिर देखिए. तब तक सुई मत दीजिए. पाँव के लिए दूसरी दवा है, आप मुझसे अच्छी जानते हैं."

"और पाँव सड़ गया तो?"

यावर आठल्यांनी माझी नळी उचलून उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मला तेव्हा कळलं की या माणसाला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे. एका बाजूला शिकलेला डॉक्टर आणि छापलेला कागद. दुसऱ्या बाजूला बाटल्यांचे खिसे असलेला विक्षिप्त माणूस, ज्याला मी दोन दिवस गाय पाजली होती. म्हणजे त्याच्या नळीत पाजली होती.

पण गल्लीत त्याने गाय ओळखली होती. कागदाने आजवर काही ओळखलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कमर मेरी है," मी डॉक्टरांना म्हटलं. "नहीं टोचवाऊँगी. दूसरी दवा लिखिए."

डॉक्टरांनी रागाने दुसरं औषध लिहिलं, रागाने जिना उतरले. दुखण्यावरच्या गोळ्या आठल्यांनी डब्यासकट उचलून नेल्या. पाणी किती प्यायचं ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. चौथ्या दिवशी रक्त तपासलं, तर जे ठीक होतं ते बिघडलेलं निघालं. सरकारी खातं पंचनाम्याला आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मुझे तो पहले ही शक था." म्हणाले बापडे. पुढे रक्तातले वाढलेले आकडे हळूहळू खाली आले, पायही सडला नाही.

मात्र माझ्या डाव्या कानात घंटा वाजायला लागली होती. दिवसभर, आरती न संपणाऱ्या देवळासारखी. आठल्ये बाटली न्यायला आले तेव्हा मी सहज बोलले. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि पहिल्यांदाच आमच्या घरात बसले.

"तेच औषध कानालाही धरतं," ते म्हणाले. "माझे असेच गेले. त्याच जातीचं इंजेक्शन होतं. उजव्याने काहीच नाही, डाव्याने जरासं. बाकी लोकांच्या ओठांवरून समजून घेतो. पान असलं की ओठ कळत नाहीत."

वीस वर्षं समोरासमोर राहून गल्लीत कोणालाही हे कळलं नव्हतं. आम्ही हुशार लोक, आम्ही गर्व ठरवला होता.

"आम्ही दोघं भाऊ एकदमच आजारी पडलो. एकच डॉक्टर, एकच सुई. मी आधी उठलो, कान गेले तेवढ्यावर. धाकटा गोविंदा पडून होता. त्याचं भांडं मीच टाकायचो, वहिनी. रोज सकाळी उचलायचं, मोरीत ओतायचं. दहा दिवस टाकलं. एकदाही बघितलं नाही."

हेही त्यांनी ओरडूनच सांगितलं. हळू बोलणं त्यांना कुठून येणार? खिडकी उघडी होती. खाली दहीवाल्याचा तराजू वाजायचा थांबला. दुसऱ्या दिवशी आठल्ये गल्लीतून जाताना तो आपण होऊन थुंकला आणि मग बोलला, दही तोलून होईपर्यंत.

महिन्याभराने दोन्ही नळ्या सारख्याच फिक्या निघाल्या. "झालं वहिनी, सुटलात," आठल्ये म्हणाले, आणि भिंतीवरचं खडूचं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा दारात. हातात बाटली.

मी आत गेले, भरून आणली. मी पान खात नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. दारात उभी राहून, तोंड नीट त्यांच्याकडे करून मी दहा मिनिटं बोलत असे. आज भाजी काय, कोण गेलं, गंगा कितव्या पायरीवर आली. ते माझ्या ओठांकडे बघत. मग बाटली खिशात घालून जात. ती लॅबपर्यंत पोचत होती की पुढच्या वळणावर गटारात जात होती, मला माहीत नाही. आमचे हे सुरुवातीला चिडत, नंतर तेच आठला हाक मारायला लागले, "अगं, आठल्ये आलेत. बाटली." आठल्ये थकून जिने उतरेनासे झाले, तोवर हे चाललं. रोज भरून दिली. गाईची नव्हे, माझी.

गोविंदा एकोणिसाव्या वर्षी गेला. आठल्ये पुष्कळ म्हातारे होऊन गेले. माझा डावा कान गेला, दोन्ही किडन्या चालू आहेत. मी आहे.