नाभीच्या वरचे आजार

सभ्य घरातला आजार नाभीच्या वर असावा, असा संकेत आहे. हृदयविकार उत्तम. मेंदूचा आजार तर घराण्याची बौद्धिक उंची सिद्ध करतो. पप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशीही आम्ही हा संकेत पाळला.

शेजारचे केनी अंकल डोकावले. "काय एडवर्ड मास्तर, कसं काय?"

"पार्किन्सन आहे, बाकी झकास," पप्पा म्हणाले.

पोट साफ होऊन सहा दिवस झाले होते. ते कोणी बोललं नाही. (हात थरथरायच्या पंधरा वर्षं आधीपासून त्यांना बद्धकोष्ठ होतं. त्याला आम्ही आजार न म्हणता स्वभाव म्हणत असू.) दुसऱ्या दिवशी जेवताना घास श्वासनलिकेत गेला.

त्याआधी दोन वर्षं मुंबईतल्या एका इस्पितळात संशोधन निघालं होतं. तर्क असा, की आतड्यातले जिवाणू बिघडले की तिथे सूज येते आणि तिची झळ मेंदूपर्यंत पोचते. म्हणून निरोगी नातेवाइकाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडून पाहायचे. गुण येईलच असं डॉक्टर म्हणत नव्हते. पप्पा मात्र रोज विचारत, "कोणी मिळालं का गं?"

कुटुंबाची सभा भरली. हजर प्रौढ अकरा. किडनी द्यायला तयार, नऊ. (किडनी कोणी मागितली नव्हती.) मागितलेली वस्तू द्यायला तयार, शून्य. फादर येऊन समजावून गेल्यावर, तीन.

"रक्त मागा, बाटल्या भरून देते," अर्नाळ्याची आग्नेस आत्या म्हणाली. "नाताळला केक पाठवते मी भावाला. आता हे पाठवू?"

तरी ती तयार झाली आणि बाद झाली. शिंक आली की केमिस्टकडून अँटिबायोटिक घ्यायची तिची सवय. भाऊ ॲल्रॉय ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीमुळे बाद झाला. (नापास झाल्याबद्दल त्याने पेढे वाटायचेच बाकी ठेवले.)

उरले मी. पचन आदर्श. शिवाय या विषयावरचे चौदा शोधनिबंध वाचून मी ते फॅमिली ग्रुपवर आकृत्यांसह समजावले होते. इस्पितळात, भरलेल्या वेटिंगमध्ये, सिस्टरने झाकणाचा पांढरा डबा पुढे केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "प्रिस्का मॅडम, सकाळचं ताजं आणा हं!"

वीस माना वळल्या. त्यातली एक माझ्या कॉलेजातल्या सहकाऱ्याची होती.

फॉर्मवर प्रश्न होता : गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं आहे का? मी 'हो'वर खूण केली. नियमापुढे कोणाचा इलाज चालतो?

परतताना पप्पा म्हणाले, "आजारी होतीस आणि बोलली नाहीस? एकटीने काढलंस?" पुढे महिनाभर ते थरथरत्या हाताने माझ्या ताटात माशाचा जास्तीचा तुकडा वाढत राहिले.

ते गेल्यावर चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर घरी जेवणं चालू होती. आत्या सगळ्यांना सांगत होती, "प्रिस्काने बापासाठी काही बाकी ठेवलं नाही."

"मी औषध घेतलंच नव्हतं, आत्या," मी म्हणाले. "मला शी द्यायची लाज वाटली."

"प्रिस्का! लोक जेवतायत!"

तिचं बरोबर होतं. सुज्ञ वाचकहो, तुम्हालाही लेकीच्या खोटेपणापेक्षा जेवणात आलेला तो एक शब्दच जास्त खटकला असेल. म्हणून मी उभी राहिले आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पप्पांना माझी शी हवी होती. मी दिली नाही."