लोंबती वायर

कमलाकांत मास्तरांनी उभं आयुष्य अमरावतीच्या शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे निवृत्तीनंतरही वाकडी रेघ दिसली की त्यांचं डोकं दुखायचं. वलगाव रोडवरच्या त्यांच्या लेआउटमध्ये तारेचं नेट अजून पोचलं नव्हतं आणि मोबाइलला रेंज यायची ती फक्त गच्चीवर, टाकीपाशी. लेक श्रावणीच्या नोकरीच्या मुलाखती अर्ध्यावरच थिजत होत्या. आज संध्याकाळी शेवटची फेरी, म्हणून सकाळीच गच्चीवर नेटचा अँटेना बसवायला घेतला. पोरगी थकली होती, मास्तर तिच्याहून जास्त.

काम सुरक्षित व्हावं म्हणून ते उन्हात उभे राहिले. अँटेना बसवणाऱ्या विपुलला कमरेला पट्टा बांधायला लावला, पाइप विजेच्या तारेपासून लांब घेतला, भिंतीला दोन जागी आवळायला लावला. सगळं झकास. फक्त खोलीच्या भिंतीतल्या छिद्रात शिरण्याआधी अँटेनाची वायर हातभर खाली लोंबत होती. (विपुल गेल्यावर मास्तरांना तेवढंच दिसू लागलं.)

"काहून हात लावता त्याले?" त्यांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणाल्या. "त्या पोरानं मुद्दाम तशी ठेवली असन."

"मुद्दाम कोनी गबाळं काम करते काय?"

मास्तरांनी वायर ताणली, गच्चीपासून छिद्रापर्यंत सरळ केली आणि क्लिपा ठोकल्या. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी स्लॅब तव्यासारखा तापला होता. वऱ्हाडात उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारल्याशिवाय खाली बसवत नाही. मुलाखतीत पोरीला घाम फुटू नये म्हणून मास्तर नळी घेऊन वर गेले. (मायेच्या भरात त्यांनी अँटेनाही धुतला.) पाणी वायर धरून निघालं. वायर लोंबती असती तर तिथंच टपकून गेलं असतं. आता त्याला सरळ रस्ता मिळाला होता. ते छिद्रातून आत शिरलं, खालच्या राउटरवर पडलं आणि ऐन मुलाखतीत नेट गेलं.

श्रावणी मोबाइल घेऊन धावत वर आली. बापानं मारलेल्या पाण्यात, टाकीला टेकून, तिनं उरलेली मुलाखत दिली. मास्तर जिन्यात बसून राहिले. पोरीचं नुकसान आपल्याच हातून झालं, या विचारानं त्यांना रडू येत होतं.

ती खाली आली.

"लागली नोकरी, बाबा. घरूनच काम कराचं हाय."

"मंग नेटचं नाई विचारलं काय त्यायनं?"

"विचारलं ना. नेट बंद पडाचं घरी काही कारण हाय काय, म्हणे. मी म्हटलं, एकच हाय. गच्चीले कुलूप लावलं का मिटलं."

गोदावरीबाई कुलूप शोधतच होत्या.