टिंगूरावांस हातावर आणिल्याची हकीकत

विलायतेत वॉटफर्ड मुक्कामी, सेमी-डिटॅच्ड गढीचे धनी, संगणकविद्याधुरंधर सतीशपंत यांनी टिंगूराव नामे हिरवा पोपट हातावर कैसा आणिला, हे कोणी पुसिले नाही. तथापि ऐसा पराक्रम लिहिल्यावाचून राहवत नाही, सबब लिहिले जे.

टिंगूराव एकदा पिंजऱ्याबाहेर आले की माघारीचे नाव घेत ना, आणि पडद्याच्या दांडीवर ठाण मांडून खाली नको ते सोडीत. मग पंतांचे कुटुंब वैभवीबाईसाहेब यांचा हुकूम सुटला, की "संडेपर्यंत हा तुझ्या हातावर बसून पिंजऱ्यात गेला नाही, तर माझी मैत्रीण अलका त्याला तिच्या घरी ईलिंगला घेऊन जाणार. फायनल!" पंत घरी परतता मान वर करून पाहणारा हा एकच जीव होता.

मग पोपटाच्या शिकवणीसाठी रसदेची तजवीज जाहली. पक्ष्यांच्या दुकानीचा साहेब वदला जे, आवडता खाऊ दाखवावा, पक्षी आपोआप येतो. पंतांनी राळ्याची कणसे आणिली, आणि सूर्यफुलाच्या बिया आणिल्या, आणि अक्रोड, आणि ऑरगॅनिक ब्लूबेरीही आणिली. टिंगूरावांनी पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखे सर्वांकडे पाहिले आणि पाठ फिरविली.

शुक्रवारी फितुरी उघडकीस आली. पुण्याहून आलेल्या मातुश्री लीलावतीबाई रोज शिकवणीआधी टिंगूरावांस भिजविलेली हरभऱ्याची डाळ आग्रह करकरून वाढीत होत्या! पंतांनी डाळ बंद करण्याचा अर्ज गुदरला, तो मातुश्रींनी फर्माविले, "मुक्या जिवाला उपाशी ठेवून कसली रे शिकवणी? तो खाणार नाही तोवर तूही खायचं नाहीस." याच कलमावर तह जाहला.

रविवारी अलकाबाई ईलिंगहून निघाल्याचा मेसेज आला. पंत तळहाती डाळीचे चार दाणे घेऊन पडद्याखाली उभे. अर्धा तास गेला, आणि तास गेला, आणि हात भरून आला, टिंगूराव ढिम्म. मग पंतांनी भुकेपुढे मसलत, मुत्सद्देगिरी, इभ्रत, सारे गुंडाळून एक दाणा स्वतःच्याच मुखी टाकिला. टिंगूराव चरकले. दुसरा टाकिला, ते दांडीच्या टोकाशी आले. तिसरा ओठांशी नेला, तो वरून खासा स्वारीची झेप पडली, मनगटी नखे रुतली, आणि दाणा चोचीत गेला! चौथा पंतांनी पिंजऱ्यात टाकिला, त्यासाठी स्वारी हातावरूनच आत दाखल जाहली.

येणेप्रमाणे रविवारी सकाळी अकरा वाजता फत्ते जाहली. अलकाबाई चहा घेऊन रिकाम्या हाती परतल्या. पंतांकडील जखमी: मनगट एक. मातुश्रींनी दोन्ही वीरांस पोटभर वाढिले; आधी टिंगूरावांस.