विनीतचा इंग्रजी बायोडाटा

बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या विनीतला त्याच्या वडिलांनी, धोंडूने, शेवटचं बजावलं, "तारकर्लीच्या नव्या हॉटेलात क्लार्क होयो आसा. तेंनी घेतल्यानी तर बरा, नायतर सोमवारपासून माझ्यावांगडा होडयेर चल."

होडीचं नाव काढलं तरी विनीतला मळमळायचं. सायकल काढून तो थेट मालवणात, सायबर कॅफेतल्या गुरुदासकडे गेला.

"माका बरोसो बायोडाटा करून दी."

"तू काय काय करतस?"

विनीतने मनापासून आठवून पाहिलं. "काय नाय."

"घरात?"

"आवशीची मासळी बाजारात पोचवतंय. आवस-बापाशीची भांडणा मिटवतंय."

गुरुदासची बोटं कीबोर्डवर सुटली. मासळीचं 'मार्केटिंग' झालं, भांडणांचं 'ह्यूमन रिसोर्स'. घरी बसलेली दोन वर्षं 'स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग'मध्ये गेली. छापील कागद वाचून विनीतला प्रथमच स्वतःविषयी आदर वाटला.

मुलाखतीला हॉटेलच्या मॅनेजरबाई होत्या. कागद वाचून त्यांनाही विनीतविषयी आदर वाटत होता.

"स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग नेमकं कसलं केलंत?"

"मॅडम, खरं सांगू? त्याचा अर्थ मला माहीत नाही."

"मग हे लिहिलं कोणी?"

"गुरुदासने. सायबर कॅफेत असतो."

"किती शिकलाय?"

"बारावी नापास. इंग्रजी पिक्चर खूप बघतो."

बाईंनी कागद पुन्हा वाचला, मग विनीतकडे नीट पाहिलं. "तुमचं जो एवढं करू शकतो, तो आमच्या हॉटेलची जाहिरात काय करेल! त्याला उद्या पाठवून द्या."

तो निरोपही विनीतनेच सायकल मारत पोचवला. गुरुदासने त्याला कडकडून मिठी मारली.

सोमवारी विनीत होडीवर गेला. परतला तो आडवाच. ओसरीवर तो डोळे मिटून पडला असताना गुरुदासची आई, तुळसा, पेढे घेऊन आली.

"नर्मदा, तुझ्या झिलान माझ्या गुरुदासाक नोकरेक लावल्यान गो! देव बरा करो तेचा."

विनीतच्या आईने पेढा घेतला. तुळसा जरा घुटमळली.

"माझो धाकटो पण घरातच आसा. तेच्यासाठी पण विनीत एकदा खंय इंटरव्ह्यूक जायत काय?"

विनीतने डोळे उघडले. पण तोवर नर्मदा बोलून गेली होती, "जायत गो. तसो रिकामोच आसा."